राखेचं पोतं

हिमाचलातल्या केलाँगच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. एकीच्या पायाशी पोतं होतं.

“डोलमा, यंदा गावात सगळ्यात आधी आमच्या शेतातला बर्फ वितळला.”

“कसा गं, अंगमो? बर्फ लवकर वितळावा म्हणून त्यावर पसरायला ठेवलेली माती तुझ्या त्या खालच्या मंडी शहरातून आलेल्या सुनेनं कचरा समजून झाडून टाकली होती ना?”

“टाकली. मीही तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, बर्फ हटला नाही तर वाटाणा काय तुझ्या डोक्यावर पेरू?”

“मग?”

“तडक बाहेर पडली ती. दारोदार फिरून चुलींची राख, काजळी गोळा केली आणि कंबरभर बर्फात एकटीनं पसरली. इतरांच्या मातीच्या आधी तिच्या काळ्या काजळीनं ऊन धरलं नि बर्फ वितळवला!”

“पोरगी जिद्दीची आहे.”

“आता गावात कुणी चिमूटभर राख देईल तर शपथ! सगळे स्वतःच्या शेतासाठी जपतात. आणि म्हणे मंडीच्या मुलींना काही येत नाही.”

“हे तूच म्हणायचीस.”

“मी सासू आहे. मला चालतं.”

बस आली. कंडक्टर म्हणाला, “आजी, पोत्यात काय?”

“राख. बहिणीकडून आणलीय, वरच्या शेतात अजून बर्फ आहे. नीट ठेव. सांडली तर सून मला घरात घेणार नाही.”