पट्टीखालची हळद

व्यासपीठावरचे वडीलधारे, कारखान्यातली मंडळी, गल्लीतल्या आयाबहिणी, आणि समोर सतरंजीवर भिंतीला टेकून बसलेल्या मधुकरच्या आई, आपल्या आक्का. सगळ्यांना नमस्कार.

मला बोलता येत नाही. माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, स्टँडच्या मागं. जळालेली मोटार खोलायची, तार गुंडाळायची, माणसाशी बोलायचं काम फारसं पडत नाही. आधीच्या वक्त्यांनी मधुकरबद्दल चांगलं बोलून घेतलं. हुशार होता, शांत होता, आईला सोडून पुण्यात राहवेना म्हणून नोकरी सोडून रहिमतपूरला परत आला. सगळं खरं आहे. पण मंडळी, तो जिवंत असताना हे त्याला कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. रागावू नका. दोस्त गेल्यापासून माझं डोकं जागेवर नाही.

कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. सुटला की सायकल माझ्या दुकानाला लावायचा आणि रिकाम्या तारेच्या ड्रमवर बसून बोलायचा. काय बोलायचा ते मला अर्धंमुर्धं कळायचं. मी हात चालवत ‘हं’ म्हणायचो. एकदा मी त्याला म्हटलं, “मध्या, मला कळत न्हाई रं यातलं. कुणा जाणकाराला सांग की.” तर म्हणाला, “कुणाला सांगू? तू हं तरी म्हनतोस.”

या गावात त्याला तेवढंच होतं. एक हं.

आता मी तुम्हाला सांगतो त्यानं काय केलं होतं. मला जसं समजलं तसं सांगतो, चुकलं तर कारखान्यातल्या पोरांनी नंतर दुरुस्त करा. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की सगळ्यात आधी एक छोटी चिप जागी होते. ती बाकीच्यांना उठवते. तुझी डिस्क इथं आहे, तुझा पडदा तिथं आहे, चला कामाला लागा. ती चिप बिघडली तर लाखाचं यंत्र नुसतं लोखंड. नव्या कॉम्प्युटरात त्या चिपमधला मजकूर बदलता येतो, आणि तो बदलताना मध्येच लाईट गेली तर चिप अर्धवट राहते, यंत्र कायमचं गप्प. आता आपल्याकडं लाईट कधी जाते हे काय तुम्हाला मी सांगायचं? पुण्या-मुंबईच्या लोकांना हा प्रश्न पडत नसेल. मधुकरला पडला.

त्यानं काय केलं, तर शेजारी दुसरी चिप बसवली. जुन्या पद्धतीची, लाईट गेली तरी जिच्यातला मजकूर हलत नाही अशी. आणि मध्ये एक छोटी जोडणी. बटण दाबल्यावर ती पहिल्या चिपची थोडी वाट बघायची. पहिलीनं ओ दिली नाही, तर दुसरीला उठवायची. झालं. एवढंच. मी त्याला म्हणालो, “येवढंच?” तो म्हणाला, “येवढंच असतंय गड्या. पर कुनी केलं न्हाई अजून.” त्याला माहीत होतं तेवढ्यात तरी कुणी केलं नव्हतं.

चिप भरायचं यंत्र आपल्याकडं नाही. मजकूर फ्लॉपीवर घ्यायचा, पॅसेंजरनं सांगलीला जायचं, तिथल्या कॉलेजात ओळखीनं चिप भरून आणायची, इथं बसवून बघायची, चुकलं की परत पॅसेंजर. किती वेळा गेला ते मी मोजलं नाही. स्टेशन मास्तर त्याला विचारायचे, सांगलीला स्थळ बघितलंय का. तो हसायचा.

पुण्याच्या एका कंपनीचे साहेब बघायला येणार होते, ते तुम्हाला सगळ्यांना आठवतं. दिवाळी नुकतीच झाली होती. कारखान्याच्या सभागृहात टेबल मांडलं, नारळ फोडला, साहेबांना हार घातले. आपले संचालक होते, शेतकी खात्याचे लोक होते, मीपण गेलो होतो धुतलेला शर्ट घालून. मधुकरनं सगळं समजावलं, त्या दिवशी छान बोलला तो. मग सगळ्यांसमोर पहिली चिप काढून साहेबांच्या हातात दिली आणि बटण दाबलं.

पडदा काळा. आपण वाट बघितली. पडदा काळाच. त्यानं परत दाबलं. परत काळा. मागून कुणीतरी म्हणालं, “झोपलंय वाटतं अजून,” आणि लोक हसले. साहेब भले होते, म्हणाले, “होतं असं, पुन्हा कधीतरी बघू.” मग सगळे जेवायला गेले. जेवण चांगलं होतं. मधुकर जेवला नाही.

साहेब पुन्हा आले नाहीत. त्याच्या पत्रांना उत्तर आलं नाही. आणि आपल्याला एक गंमत मिळाली. चहाच्या टपरीवर तो दिसला की, “काय रं मधू, उठला का न्हाई तुझा कॉम्प्युटर?” तुमच्यातले किती जण हे म्हणालेत, मी नावं घेत नाही. चेष्टेनं म्हणत होतात, मला माहीत आहे. तोही हसायचा.

साहेब आले त्या दिवशी दुपारी तो सभागृहातून तडक माझ्या दुकानात आला होता. खिशातून ती दुसरी चिप काढली. या चिपच्या पाठीवर एक छोटी काच असते, मंडळी. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली असते. पट्टी कशाला, तर काचेतून ऊन आत गेलं की आतला मजकूर हळूहळू पुसतो. चार-आठ दिवसांच्या कडक उन्हात पाटी कोरी. त्यानं नखानं पट्टी उचलली. पट्टीखाली हळद होती.

काचेच्या कडेला पिवळी रेघ आणि कुंकवाचा एक कण.

मग त्यानं सांगितलं. खंडेनवमीला आक्का म्हणाल्या होत्या, “समद्यांची हत्यारं पुजायला आली, तुजं हत्यार दे की रं.” त्यानं ही चिप दिली. तयार झालेली, तपासलेली, त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची वस्तू. आईच्या देव्हाऱ्यात राहू दे, साहेब येतील तेव्हा घेऊ, असं म्हणाला. पुढचं त्यानं पट्टी बघून ताडलं. आक्कांनी बघितलं तर हत्याराचं तोंड झाकलेलं. झाकल्या तोंडाची पूजा कशी करायची? त्यांनी पट्टी अलगद सोडवली, काचेला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. देव्हारा पूर्वेच्या खिडकीत आहे. ऑक्टोबरचं ऊन. दिवाळी झाल्यावर त्याला चिप परत देताना त्यांनी ती पदरानं पुसली आणि पट्टी भाताच्या शितानं होती तशी चिकटवून दिली. लेकाची वस्तू जशीच्या तशी दिली पाहिजे म्हणून.

घराघरातली कुठलीही आई हेच करील. माझ्या आईनं केलं असतं.

मला वाटलं हा आता चिडेल. तो म्हणाला, “गड्या, ह्ये आयेला कळता कामा नये.” मी म्हणालो, “आरं पर लोकांना तरी सांग, यंत्रात खोट नव्हती म्हनून.” तो म्हणाला, “रहिमतपुरात सकाळी सांगितलेलं सांजच्याला घरी पोचतंय. आये जेवायची न्हाई.” मग माझ्याकडून शब्द घेतला.

पुढच्या महिन्यात सांगलीहून तीच चिप परत भरून आणली. एका रविवारी मला कारखान्यात घेऊन गेला. कचेरीत कुणी नव्हतं. त्यानं पहिली चिप काढली, माझ्या हातात दिली, बटण दाबलं. पडदा काळा. आणि मग, मंडळी, अक्षरं आली. एक ओळ, मग दुसरी, मग सगळं यंत्र घरघरायला लागलं. त्यानं नुसतं “बघ” म्हटलं. टाळी वाजवायला मी एकटा होतो, आणि माझ्या हातात ती चिप होती, ती पडेल म्हणून टाळीही वाजवता आली नाही.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी तो एक मासिक घेऊन दुकानात आला. परदेशातल्या कुठल्या तरी बोर्डाचा फोटो. दोन चिपा शेजारी शेजारी. मला वाटलं, आता तरी हा शिव्या देईल. तर चेहरा उजळलेला. म्हणाला, “म्हंजी जगात आनि कुनाला तरी ह्यो प्रश्न पडला हुता रं. मी येकटा नव्हतो.” बराच वेळ फोटो बघत बसला. मग म्हणाला, “त्या मानसाला भेटाय पायजे हुतं.” त्या माणसाचं नाव मासिकात नव्हतं. तो सायकल घेऊन घरी गेला. त्या दिवशी तो मला जितका एकटा वाटला तितका साहेब गेले त्या दिवशीही वाटला नव्हता.

आता मी इथं का उभा आहे ते सांगतो. दिलेला शब्द मी मोडतोय, पण माझ्या मनानं मोडत नाही.

परवा आक्कांनी मला निरोप धाडला. गेलो. म्हणाल्या, “सभेत तू बोल. माज्या लेकाचं यंतर चालत हुतं, आनि मी त्ये उन्हात ठिवून पुसलं, आसं सांग.” मी विचारलं, “आवं आक्का, तुमाला कुनी सांगितलं?” त्या म्हणाल्या, “कुनी सांगाय कशाला पायजे? म्होरच्या खंडेनवमीला मी हत्यार मागितलं. त्यानं दिलं, पर काळ्या चिकटपट्टीनं गच्च गुंडाळून. म्हनला, ही पट्टी काढू नगं. मी म्हनलं, का रं? म्हनला, आसंच. ल्हानपनापास्नं माज्यापासून काय लपवायचं आसलं की आसंच म्हनायचा. तवाच समजले.”

मी म्हणालो, “मग त्याला बोलला का न्हाई तुमी?” म्हणाल्या, “त्येला वाटत हुतं मला ठावं न्हाई. त्येवढंच समाधान हुतं त्येला. त्ये कसं मोडू?”

ऐकलंत? एका घरात दोनच माणसं. एकाच ताटलीतली भाजी दोघं खात होती, आणि एकच गोष्ट दोघं एकमेकांपासून लपवत होती. तो तिच्यासाठी, ती त्याच्यासाठी. बाहेर आपण हसत होतो.

मी आक्कांना म्हणालो, “आता कशाला सांगायचं? तो गेला. तुमाला लोक बोलतील.” त्यावर त्या म्हणाल्या ते मी जसंच्या तसं सांगतो. “तो हुता तवर त्येच्यासाटनं गप बसले. आता कुनासाटनं बसू? आनि मी जिती हाय तवरच सांग. मी गेल्यावर सांगितलंस तर लोक म्हनतील, मेल्या म्हातारीवर ढकाललं.”

म्हणून सांगितलं. आक्का, तुमच्यासमोर सांगितलं, जसं म्हणालात तसं.

माझ्या दुकानातला ड्रम रिकामा आहे. संध्याकाळी सायकलची घंटी वाजली की मी अजून मान वर करतो. त्याला माझा हं होता. मला आता बोलायला कुणी नाही, आणि हं म्हणायला तर मुळीच नाही. ते माझं मी बघीन.

तुम्हाला एवढीच विनंती आहे. सभा संपली की घाईनं चपला शोधू नका. एकेकानं आक्कांसमोर थांबा. वाईट झालं असं म्हणू नका, ते त्यांना कळलेलं आहे. फक्त म्हणा, “आक्का, मधूचं यंत्र चालत होतं.” ज्यांनी टपरीवर चेष्टा केली त्यांनी जरा मोठ्यानं म्हणा, आक्कांना एका कानानं कमी ऐकू येतं.

आणि आता दोन मिनिटं शांत राहू. उभं राहण्याची रीत आहे, पण आक्कांना उठवत नाही, आणि बसून राहिल्या तर त्यांना अवघडल्यासारखं होईल. तेव्हा आज कुणीच उठू नका. आक्का बसल्यात तसेच सगळे बसू.