कुंडीवरचं व्यासपीठ

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन मधुकरराव, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती भाऊराव परब, खालच्या वाडीतून आवर्जून आलेल्या द्रौपदीताई, आणि मागे उभं राहून भज्यांचा वास घेणाऱ्या बंधुभगिनींनो, या सुलक्षणाचा सगळ्यांना नमस्कार.

भाऊराव कायमचे गावी मालवणला निघालेत, म्हणून त्यांचं कौतुक करायला मला उभं केलंय. कौतुक करावं तेवढं थोडं आहे. गिरणी सुटल्यावर हा माणूस मुलुंडच्या या उतारावर रोज येऊन उभा राहायचा, तेव्हा इथे फक्त पाया आखलेल्या चुन्याच्या फक्कीच्या रेघा होत्या. परवानगीत अट होती की बांधकामाची माती, सिमेंटचं पाणी, तेल थेट नाल्यात सोडायचं नाही. कंत्राटदार म्हणाला, "अहो परब, पावसाचं पाणी ते. वाहून जातं." भाऊराव म्हणाले, "व्हावान जाता रे, पण जाता खंय?"

जातं कुठे? खाली. नाला वाडीच्या विहिरीला खेटून जातो. म्हणून भाऊरावांनी सेक्रेटरी या नात्याने हट्टाने या कोपऱ्यात कुंडी बांधून घेतली. एका कप्प्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात खडी, वाळू आणि कोळसा, आणि त्यातून गाळलेलं पाणीच नाल्यात जायचं. पावसाळ्याआधी आपण सगळे आत उतरून गाळ उपसायचो. मधुकरराव, तुमची एक चप्पल अजून आतच असेल.

आता मला सांगा, आपल्या इमारतीला पाणी कुणाचं लागलं? नळ आला नव्हता. स्लॅबवर मारलं ते पाणी वाडीच्या विहिरीचं. रविवारी आपण आपापली घरं बघायला यायचो, तेव्हा द्रौपदीताई तांब्या घेऊन बाहेर यायच्या. पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं, "आम्ही बौद्ध आहोत हां, चालेल ना?" उन्हातून आलो होतो, सगळ्यांनी घटाघटा प्यायलं. त्यांना असं विचारावं लागलं याची मला तेव्हा लाज वाटली होती. त्या लाजेचं आपण पुढे काय केलं?

भाऊराव घर बांधायला गावी गेले आणि दोन पावसाळे तिकडेच राहिले. त्यांच्या मागे इथे आपल्याला वाटलं, एवढा मोठा माणूस, याचा निरोप झकास झाला पाहिजे. पक्कं व्यासपीठ हवं. जागा कुठली? हा कोपरा. नाहीतरी कुंडीला वास येतो, डास होतात. घाला वर स्लॅब, बसवा लाद्या, आणि पाइप जोडा सरळ नाल्याला. कमिटीत सगळ्यांनी हात वर केले. माझाही होता. वर नाव कोरलं, 'भाऊराव परब रंगमंच'. त्यांनी बांधलेली कुंडी आपण त्यांच्याच नावाखाली गाडली. असला मान दुसरं कोण देईल हो?

त्यातच आपल्या सोसायटीच्या नव्या बी विंगचा पाया खणायला घेतला. मातीचे ढीग, मिक्सरचं तेल, सगळं या पावसाने खाली नेलं.

काल मी वाडीत आमंत्रण द्यायला गेले. द्रौपदीताईंनी चटई टाकली, पण पाणी आणलं नाही. म्हणाल्या, "ताई, पाणी देत नाय हां. विहिरीला तेलाचा वास मारतोय. हायवेपलीकडच्या नळाचं आणलंय, त्याचा चहा करते." बस, एवढंच. भांडल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तो चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. टाकणार कसा? ते पाणी त्यांनी डोक्यावरून आणलं होतं.

आज सकाळी भाऊराव आले. स्वतःचं नाव वाचलं, बूट काढले आणि लाद्यांवर हात फिरवत बसले. मला म्हणाले, "गो सुलक्षणा, हेच्यार उभो रवान शाल कशी घेव मी?"

मंडळी, तोच प्रश्न मी तुम्हाला विचारते. तुमच्याकडे उत्तर आहे?

म्हणून शाल तशीच घडी घातलेली आहे. भाऊरावांनी शालीऐवजी पहार मागितली. पहारी, फावडी, घमेली जिन्याखाली आणून ठेवलीत. गाडी उद्याची आहे, दिवस अजून हातात आहे. कुंडी उघडली की त्यांच्याच देखरेखीखाली वाडीची विहीर उपसायला घ्यायची आहे, आणि ती निवळेपर्यंत हायवेपलीकडचं पाणी आपण भरायचं, वाडीने नाही.

पाहुण्यांनी सुट्टीचा वेळ दिला, महिला मंडळाने पहाटेपासून भजी तळली, सगळ्यांची मी आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर व्यासपीठावरच्या मंडळींनी मोठ्या मनाने सोडून द्यावं. द्रौपदीताई, तुमच्याकडे मात्र आज माफी मागत नाही. तुमच्या विहिरीचं पाणी पिता आलं, की त्या दिवशी तांब्या घेऊन मागायला येईन.

आता मान्यवरांना एकच विनंती. आपापल्या खुर्च्या उचलून कृपया खाली यावं. व्यासपीठ रिकामं हवंय.