पारा बंद झाला त्या दिवशी

तुम्ही हसाल, पण दोन वर्षं एका काळजीनं माझी झोप उडाली होती. माझ्या कपड्यांवरून पारा घरी आला तर? आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नत्र मोजायचा, तर माती तीव्र आम्लात उकळताना आम्ही पाऱ्याचं विषारी संयुग घालत असू. म्हणून कामावरून गडमुडशिंगीला घरी पोचले, की पाच वर्षांची ओवी धावत यायची आणि मी ओरडायचे, "लांब हो! हात लावू नकोस!" कारण कधी सांगितलं नाही. एवढी शिकलेली मी, पण मला वाटलं, पोरीला काय कळणार?

परवा पाऱ्याऐवजी मोरचूद घालून केलेल्या चाचण्यांचे आकडे जुन्या आकड्यांशी जुळले. प्रयोगशाळेतले आमचे मदतनीस सुतारकाका म्हणाले, "मॅडम, पारा बंद! आता तरी पोरीला उचलून घ्या की!"

मी पळतच घर गाठलं आणि दारातच हात पसरले. "ये गं, आज घेते तुला!"

ओवी जागची हलली नाही. स्वतःचे तळवे उलटसुलट बघत म्हणाली, "थांब की आई, मी हात धुऊन येते. मग चालंल न्हवं मी तुला?"