सर पर्सिव्हल आणि माझा तिसरा शनिवार

…आणि मला सांगतात, विनिफ्रेड, विणकाम कर. मी म्हटलं, विणकामानं राग जात असता तर या बर्नलीत शंभर वर्षं कापडाच्या गिरण्या चालल्या, एक तरी माणूस थंड डोक्याचा निघाला असता की नाही? सरकार म्हणालं सत्तरीपुढच्यांनी घरात बसा, बसले. हात धुवा म्हणालं, सालं निघेपर्यंत धुतले. पण महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी विणकर क्लबात कुस्ती असायची ती बंद केली, तेव्हा मात्र कुणी एका शब्दानं विचारलं नाही, की बाई, आता तू ओरडायचं कुणावर?

टीव्हीवरची नव्हे हं. तिथं सगळे तेल चोपडलेले आणि दात पांढरेशुभ्र. आमच्याकडे दीडशे घडीच्या खुर्च्या, मधे एका बाजूला कललेली रिंग, आणि पैलवान म्हणजे कुणी नळ दुरुस्त करणारा, कुणी शाळेत भूगोल शिकवणारा. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, माहीत आहे मला. लोक हे माझ्या कानाशी येऊन असं हळूच सांगतात, जसा काही माझा नवराच दुसरीकडे दिसला. अहो, ठरलेलं असतं त्यांचं. माझं ओरडणं कुठे ठरलेलं असतं?

नवरा म्हणजे आमचा स्टॅनली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं आवाज चढवला नाही, म्हणून मीही नाही. मग एका मंगळवारी चहा अर्धा ठेवून गेला. लोक आले, केक घेऊन आले, म्हणाले विनी, किती धीराची तू. धीर कसला डोंबलाचा, मला भांडी फोडावीशी वाटत होती. तशात बिंगोचा खेळ आहे समजून क्लबात गेले तर तिथं कुस्ती, आणि जांभळा झगा घातलेला एक लांब तोंडाचा माणूस रुमाल हुंगत रिंगेत चढला, म्हणाला, "हं. बर्नलीचा वास." हा सर पर्सिव्हल, आमचा खलनायक. मी नीट बघायला उठले, तर माझ्याकडे बोट करून म्हणतो कसा, "ए म्हातारे, खाली बस, मागच्यांना वाटतंय पडदा पडला."

तुम्हाला सांगते, माझ्या तोंडून जे निघालं ते मी स्वतःही आधी कधी ऐकलं नव्हतं. मेल्या म्हटलं, मुडद्या म्हटलं, तुझ्या मांड्या बघ, उकडलेले बटाटे नुसते, असं म्हटलं. घरी आले आणि स्टॅनली गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले. मग नऊ वर्षं, पहिली रांग, चौथी खुर्ची. महिनाभराचा सगळा साठा त्याच्यावर रिकामा करायचा आणि उरलेले दिवस साखरेसारखं वागायचं. आणि यांनी कुलूप लावलं. आता ओरडायचं कुणावर?

उन्हाळ्यात क्लबवाल्यांनी रिकाम्या हॉलात कुस्ती करून कॉम्प्युटरवर दाखवली. पर्सिव्हल आला, रुमाल हुंगला, रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाला, "गप्प बसा." सगळं आधीच गप्प होतं हो. मला इतकी लाज वाटली त्याची, की मी पडद्यावर ओरडले, तर शेजारच्या बार्बरा ग्रिमशॉनं भिंत ठोकली. "विनी, पडलीस का ग?"

मग ऑक्टोबरात घरपोच सामान मागवायला लागले. दार वाजलं, क्रेट पायरीवर, माणूस दोन पावलं मागे, तोंडावर मास्क. "काकू, अंडी वर ठेवलीत. राई नव्हती म्हणून लोणचं दिलंय, चालेल ना?" आवाज ऐकला आणि माझे कान उभे राहिले.

"पर्सिव्हल," मी म्हटलं.

तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "काकू, इथं नको. मी डेरिल. डेरिल हॉवर्थ. छपरांची कामं बंद पडलीत, घरात जुळं झालंय, ही नोकरी कशीबशी मिळालीय. गिऱ्हाइकाशी उलट बोललो तर घरी पाठवतील."

"मग मी बोलते. तुझी चाल बघ, बदकाला मोजे घातल्यासारखी."

"बरोबर आहे तुमचं, काकू. काळजी घ्या."

काळजी घ्या. मला. नऊ वर्षं ज्या माणसाचा मनापासून तिरस्कार केला, तो मला काळजी घ्या म्हणतो. पुढच्या आठवड्यात ब्रेड चेपलाय म्हटलं, तर माफी मागितली. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हटलं तुझ्या जुळ्यांचं नाक तुझ्यावर गेलं असेल तर देवच त्यांचा वाली, तर खिशातून फोटो काढून लांबून दाखवला. गोड होती हो पोरं, आणखीच संताप आला.

नोव्हेंबरात मात्र मी थेटच बोलले. म्हटलं, "डेरिल, खरं सांग, तुला आता जमतच नाही ना? संपलास तू."

त्यानं क्रेट खाली ठेवलं. खांदे मागे घेतले. मास्कच्या वरून ते घारे डोळे असे बारीक केले, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ए म्हातारे, एकटी राहतेस आणि सहा माणसांचे बटाटे मागवतेस. तुझ्याशी भांडायला आता बटाटेच उरलेत का?"

लागलं हो. अगदी बरगडीत लागलं. आणि मी पायरीवर उभी राहून दहा मिनिटं जे सुरू केलं… कोपऱ्यावरची कुत्री गप्प झाली. तोही सोडेना. माझ्या केसांना नावं ठेवली, पडद्यांना ठेवली, गुडघ्यांना ठेवली. निघताना दोघांनाही दम लागला होता. तो म्हणाला, "पुढच्या गुरुवारी, काकू?" मी म्हटलं, "येऊन तर बघ."

पण बार्बरा ग्रिमशॉ. तिनं पडद्याआडून सगळं ऐकलं आणि माझ्या भल्यासाठी त्याच्या कंपनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी मला फोन, कुणी मिस फर्न, आवाज मधात बुडवलेला. "मॅडम, आमच्या माणसानं तुम्हाला 'शेवाळलेली किटली' म्हटलं असं कळलं. आम्ही त्याला आजच काढतोय."

आता मी काय सांगणार होते? की बाई, मीच आधी म्हटलं? की त्याचं कामच ते आहे? डोळ्यांसमोर ती जुळी आली. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "बार्बराला ऐकू कमी येतं. मुलगा फार चांगला आहे."

"नम्र आहे, असं लिहू?"

"…लिही."

"संयमी?"

"लिही."

"आणखी काही, मॅडम?"

"सज्जन आहे," मी म्हटलं. तुम्हाला सांगते, स्टॅनलीच्या अंत्यविधीला बोलणं जितकं जड गेलं नव्हतं तितका तो एक शब्द काढणं जड गेलं.

तर कंपनीला ते इतकं आवडलं, इतकं आवडलं, की जानेवारीत त्याला गाडीवरून काढून आत बसवला. काम काय, तर नव्या पोरांना म्हाताऱ्या बायकांशी गोड कसं बोलावं ते शिकवायचं. कायमची नोकरी. शनिवारी सुट्टी नाही, म्हणजे कुस्तीही नाही. त्यानं फोन करून सांगितलं, "काकू, तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं, "खड्ड्यात जा." तर म्हणतो, "हो, काकू."

पुढच्या ऑगस्टात क्लब उघडला. मी पहिल्या रांगेत, चौथ्या खुर्चीवर, दीड वर्षाचा साठा घेऊन. नवा खलनायक आला, काळी चड्डी, तेवीस-चोवीसचा, बँकेत असतो म्हणे. त्याला कुणीतरी दोऱ्यांवरून फेकला, तो येऊन थेट माझ्या पायाशी आदळला, माझा चष्मा खाली उडाला. मी श्वास भरून घेतला, तोंड उघडलं, आणि तो उठत, तो चष्मा उचलून, पुसून माझ्या हातात देत म्हणाला, "सॉरी, आजी, लागलं नाही ना तुम्हाला?"

आता अशाला काय बोलणार?

"नाही रे बाळा," म्हटलं. "तू सावकाश ऊठ."