वीज बंद, दहा ते एक

माझे नाव आणि राहता पत्ता आपण वरच्या रकान्यांत लिहून घेतला आहे, तो बरोबर आहे. वय त्रेचाळीस, धंदा नोकरी, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात नियोजन अधिकारी. काल कारखान्यात विजेचा धक्का बसून जखमी झालेला वायरमन माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. मी स्वतःहून ठाण्यात हजर झाले असून विचारल्यावरून सांगते की,

कोणते मशीन कधी चालेल, कधी बंद राहील, कुठला माल कोणत्या दिवशी बाहेर पडेल, हे ठरवून त्याचे वेळापत्रक सगळ्या विभागांना देणे हे माझे काम आहे. आमच्याकडे लिहिलेली वेळ आणि खरी वेळ यांत अर्धा तास असतो. शिंपी कापडात माया ठेवतो तसा. दीडला काम संपायला हवे असेल तर मी एक लिहिते, कारण दीड लिहिले तर लोक दोन वाजवतात. लोकांना हे ठाऊक आहे, म्हणून ते एक वाचून दीड समजतात. ते तसे समजतात हे मलाही ठाऊक आहे. कुणी कधी बोलून दाखवत नाही. नवीन माणूस आठवडाभरात आपोआप शिकतो. आपण मघाशी विचारलेत की मग सरळ दीडच का लिहीत नाही. इतकी वर्षे नियोजन केले, मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

वीज बंद ठेवून करायच्या कामांतही हेच चालायचे. मेन पॅनेलवर जे गृहस्थ असतात आणि ज्यांना आपण कालपासून इथे बसवून ठेवले आहे, त्यांना सगळे मामा म्हणतात. मामा घड्याळाकडे बघत नसत. वायरमन स्वतः खाली येऊन "झालं, टाका" म्हणाला की मगच ते लाइन चालू करत. तसा नियमही आहे, पण मामा ते नियम म्हणून करत नव्हते. त्यांचा स्वभावच तसा आहे.

गेल्या महिन्यात नवे व्यवस्थापक आले. इथे वेळ म्हणजे पोरखेळ झाला आहे, असे ते पहिल्याच बैठकीत म्हणाले. ते चूक बोलले नाहीत. यापुढे कागदावर असेल तीच वेळ, असे परिपत्रक त्यांनी माझ्याकडून काढवून घेतले. आता, प्रत्येक नवे साहेब आले की असेच परिपत्रक काढतात आणि ते मीच लिहिते. ते बोर्डावर लागते, लोक वाचतात आणि चहा प्यायला जातात.

या वेळी फरक एवढाच की साहेब मनापासून बोलत होते. मागच्या आठवड्यात मामांनी लाइन जरा उशिरा टाकली, तेव्हा साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर फैलावर घेतले. "कुणाची वाट बघत बसता तुम्ही? तुमच्या पायी सगळा कारखाना हात बांधून उभा राहतो. वेळ झाली की टाकायची," असे म्हणाले. मामा निवृत्तीला आलेले. ते मान खाली घालून "बरं साहेब" म्हणाले. वायरमन खाली आल्याशिवाय लाइन टाकायची नसते, हे मी तिथल्या तिथे बोलायला हवे होते. मी हातातले कागद चाळत राहिले. मला त्या कागदांचा आता राग येतो.

काल पॅकिंग हॉलच्या वरची जुनी केबल बदलायची होती. मी वेळापत्रकात "वीज बंद, दहा ते एक" लिहिले. या वेळी ते खरे एक होते. सकाळी धाकटा माझ्या टेबलापाशी आला. कामावर तो मला मॅडम म्हणतो, पण तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हते.

"ताई, एक म्हणजे दीडच ना?"

"नाही रे. या वेळी एक म्हणजे एक."

"हो, परिपत्रक वाचलंय मी. मला तरी खरं सांग."

"खरंच सांगतेय."

"साहेब लोकांत बसून तूही पार साहेब झालीस," असे म्हणून तो हसला आणि माझ्या डब्यातली सफरचंदाची एक फोड उचलून गेला.

मी त्याच्या मागे गेले नाही. मागच्या साहेबांच्या वेळीही त्याने हेच विचारले होते. तेव्हाही मी चेहरा सरळ ठेवून "एक म्हणजे एक" असेच सांगितले होते आणि लाइन दीडला आली होती. माझा भाऊ मला ओळखून होता.

एक वाजत आला तेव्हा मामांनी त्याला फोन लावला. तो शिडीवर होता, फोन खाली हत्यारांच्या पिशवीत. घंटी वाजून वाजून थांबली. तेवढ्यात साहेबांनीच मामांना फोन करून "एक वाजला" म्हणून सांगितले. हे मामांनी मला रुग्णवाहिकेची वाट बघताना सांगितले, दोन्ही फोन त्यांच्या मोबाइलमध्ये दिसतील. मामांनी लाइन टाकली. मी माझ्या खोलीत होते. दिवे आले आणि मला बरे वाटले, एकदाचे काहीतरी वेळेवर झाले म्हणून. हे मी मुद्दाम लिहून घ्यायला सांगते आहे. मग हॉलमधून आरडाओरडा ऐकू आला.

धाकट्याचे दोन्ही हात भाजले आहेत. पडल्यामुळे कंबरेलाही मार आहे. उजवा हात वाचेल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. जबाब चालू असताना मी सारखी उठून बाहेर गेले, ती रुग्णालयातून फोन आला का ते बघायला. माझे चित्त थाऱ्यावर नाही, पण सांगते आहे ते पूर्ण शुद्धीत.

मामांना सोडू नये, असे माझ्या भावजयीचे म्हणणे आहे. "दोन मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं त्यांचं?" असे ती विचारते. कंपनीचे एक अधिकारी बाहेर बाकावर बसले आहेत. ते सकाळी मला म्हणाले, "मॅडम, मामांची चूक झाली, एवढंच सांगा. उपचाराचं कंपनी बघेल. तुम्ही काय, घरच्याच आहात."

माझी मामांविरुद्ध तक्रार नाही. ते वाट बघत होते तोवर कुणाला ओरखडाही आला नव्हता. वाट बघू नका असे त्यांना साहेबांनी सांगितले, आणि वेळ मी लिहून दिली. असा जबाब दिल्यास आरोपींमध्ये माझेही नाव येऊ शकते, नोकरीही जाऊ शकते, भाऊ अंथरुणावर असताना घर कोण चालवणार याचा विचार करा, असे आपण मला समजावलेत. मी विचार केला आहे, मला भीतीही वाटते आहे. मामांना घरी जाऊ द्यावे. त्यांनी कालपासून तोंडात घास घातलेला नाही.

माझा जबाब हवालदारांनी लिहून मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी "सदर अपघात पॅनेलवरील इसमाच्या निष्काळजीपणामुळे झाला" असे वाक्य होते. ते मी सांगितले नव्हते. अशा जबाबात ते नेहमी लिहितात, म्हणून हात चालला, असे हवालदार म्हणाले. "पॅनेलवरील इसमाच्या" हे शब्द माझ्यासमोर खोडून त्या जागी "व्यवस्थापकांच्या आणि माझ्या" असे लिहून घेतले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. खोडलेल्या जागी आणि खाली, दोन्हीकडे मी सही केली आहे.