लाल की हिरवी

शनिवारी जुन्या गाड्यांच्या बाजारात, चहाच्या रांगेत माझ्यामागे एक आजी-आजोबा कुठली स्पोर्ट्स कार घ्यायची यावरून भांडत होते. इतकं झकास भांडण मी सोडते होय? त्यांना पुढे जाऊ दिलं आणि कान टवकारून मागे उभी राहिले!

“म्युरिएल, लाल गाडी आजच चालवत घरी नेता येईल.”

“क्लाइव, तिच्या दाराखाली मी चुंबक लावलं, ते टपकन पडलं. आत पत्रा नाहीच, नुसती पुट्टी भरलीय.”

“थंडीनं पडलं असेल.”

“चुंबकाला थंडी वाजते का रे?”

“रंग बघ ना तिचा!”

“तिच्यात रंगच तेवढा आहे. हिरवी गंजलीय, पण काही लपवत तरी नाही.”

“हिरवीच्या दुरुस्तीला तीन वर्षं लागतील. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला गाडी चालवायला एकच वर्ष दिलंय. पुढे काय, नुसती पुसत बसू?”

“वेल्डिंग यंदाच उरकून घे. नटबोल्ट तर तू बोटांनीच ओळखतोस.”

“आणि चालवणार कोण?”

“मी.”

“तुला कुठे येते गाडी?”

“मंगळवारी पहिला धडा आहे.”

“हे कधी ठरवलंस?”

“डॉक्टरांकडून घरी येताना. बसमध्ये तू खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाहीस.”

“...हिरवीचा क्लच फार जड आहे हं, म्युरिएल.”

“मग तीन वर्षं आहेत ना तुझ्याकडे? हलका कर.”