सुनेच्या नावानं सोडलेला चहा

मंडळी, ऐका! एक विचारतो. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून देवाला वाहिलं, तर पुण्य कुणाला? सांगा की! आत्ता गप्प बसलात तरी चालेल, घरी गेल्यावर उत्तर द्यावंच लागेल.

गावात देवीची जत्रा. जत्रेत बुद्धिबळाचे डाव — जो जिंकेल त्यानं देवीपुढं पहिला नारळ फोडायचा! बाईच्या हाती तो मान कधी गेला नव्हता. यंदा अनसूया शेवटच्या डावापर्यंत पोचली. समोर रंगनाथ खोत!

पण परवाच तिची सासू भागूबाई काशीहून आली. काशीला आवडती वस्तू सोडायची रीत, ठाऊक आहे ना? भागूबाईंनी चहा सोडला. स्वतःचा? छे हो! सुनेचा!

"अगं, तुझ्या नावानं गंगेला सांगून आले. आता थेंब नाही!"

आणि भागूबाईंची दातांना लावायची तंबाखूची मिश्री? ती दोन्ही वेळा चालूच! — मृदंगवाले, तुम्ही नका हसू, तुमचा तिसरा कप झालाय!

दिवसाला पाच कप पिणारी बाई, एकदम बंद! डोकं ठणकतंय, डोळ्यांवर झापड, डाव सुरू झाला तरी घोडा कुठं अन् उंट कुठं सुचेना. हत्ती गेला! खोत मिशीत हसले, "वहिनी, अक्कल कपात राहिली वाटतं?"

अनसूयेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चहा आणा रे!"

"अगं, पाप लागेल!" भागूबाई ओरडल्या.

"लागू दे, आत्याबाई! मी सोडलाच नव्हता, तर मोडलं काय? सोडायचा तेव्हा माझ्या तोंडानं सोडीन. आज नाही!"

भर मांडवात कप तोंडाला लावला. मंडळी, चहा पोटात गेला की लगेच उजेड पडत नाही! खोत घाई करतायत, ही हलेना. हळूहळू ठणका उतरला, पट स्वच्छ दिसायला लागला. चहानं अक्कल येते का हो? येत असती तर टपरीवरचे सगळे दिवाण झाले असते! अक्कल तिचीच, चहानं नुसती झापड उडाली. आठ-दहा दिवस मिळाले असते तर तीही आपोआप उडाली असती. पण डाव आज होता!

तिनं घोडा उचलला. "शह!" खोतांचा राजा कोपऱ्यात. "मात!"

अनसूयेनं नारळ फोडला, पहिलं खोबरं सासूच्या हातावर ठेवलं. "घ्या, आत्याबाई. पुढल्या खेपेला गंगेला मिश्रीचं सांगा!"

आता तुमच्याकडं वळतो. बायकोची हौस, सुनेची झोप, लेकीचं शिक्षण — देवाच्या नावानं दुसऱ्याचं काय काय सोडलंत? चला, हात वर करा! आज स्वतःचं कोण सोडतंय?

का हो, एकही हात वर का नाही?